शौलाला उत्तर का मिळालं नाही

आजचे वाचन : १ शमुवेल २८:३-२५
(सोबत १ शमुवेल १ आणि २२ हे अध्यायही डोळ्यांखालून घाला. वेळ नसेल तर निदान २२ वा तरी.)



शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटाकडे आपण आलो आहोत. पलिष्ट्यांनी शूनेम येथे तळ दिला आहे आणि समोर गिलबोवा डोंगरावर इस्राएलाचे सैन्य जमले आहे. शमुवेल मरण पावला आहे. शौल पलिष्ट्यांची छावणी पाहतो आणि त्याच्या काळजाचा थरकाप होतो. तो परमेश्वराला विचारतो. सहाव्या वचनात लेखक अगदी कोरडेपणाने नोंदवतो की परमेश्वराने त्याला उत्तर दिले नाही. स्वप्नांतून नाही, उरीमच्या द्वारे नाही, संदेष्ट्यांच्या द्वारेही नाही.

हे वचन मी आज जरा जास्त वेळ घेऊन लिहितो आहे, त्याला कारण आहे. आमच्या घरसभेत एक जोडपं येतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. (त्यांना विचारूनच हे लिहितोय.) मागच्या महिन्यात कुणीतरी वडीलकीच्या नात्याने त्यांना नेमकं हेच वचन काढून दाखवलं आणि सांगितलं की देव गप्प बसला आहे म्हणजे कुठंतरी पाप दडलेलं आहे, शौलाचं बघा काय झालं. सभा संपल्यावर तो भाऊ माझ्याजवळ आला. म्हणाला, "दादा, नऊ वर्षं शोधतोय आम्ही. प्रत्येक उपासात शोधलं. आता अजून कुठं शोधायचं?"

त्याला द्यायला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. पण घरी आल्यावर एक गोष्ट केली. शौलाचा सगळा वृत्तांत ९ व्या अध्यायापासून पुन्हा वाचून काढला. ऑफिसात एखादी सिस्टिम अचानक प्रतिसाद देईनाशी झाली की आम्ही शेवटची ओळ बघून निष्कर्ष काढत नाही, मागचे लॉग उघडतो. कधीपासून बंद आहे, त्याआधी काय बदललं, कुणी बदललं. २८:६ ही शौलाच्या लॉगमधली जवळजवळ शेवटची ओळ आहे. तेवढी एकच वाचून दुसऱ्याच्या आयुष्याला लावणं मला पटत नाही.

आधी विचारण्याची रीत समजून घेऊ. निर्गम २८:३० मध्ये मुख्य याजकाच्या न्यायाच्या ऊरपटात उरीम व थुम्मीम ठेवायला सांगितले आहे. गणना २७:२१ मध्ये तर यहोशवासारख्या पुढाऱ्यालाही सांगितलं आहे की त्याने एलाजार याजकापुढे उभं राहावं आणि एलाजाराने उरीमच्या न्यायाने त्याच्यासाठी परमेश्वराला विचारावं. म्हणजे पुढारी कितीही मोठा असो, विचारायला त्याला दुसऱ्या माणसासमोर उभं राहावं लागे. उरीम व थुम्मीम नेमके कसे दिसत, याचं वर्णन शास्त्रात कुठेच नाही. पण त्यांच्याद्वारे विचारलेले प्रश्न बघितले तर बहुतेक 'जाऊ की नको', 'येईल की नाही' अशा धाटणीचे आहेत. १ शमुवेल १४:४१ चा जुन्या ग्रीक भाषांतरातला पाठ हिब्रू पाठापेक्षा मोठा आहे, आणि त्यात शौल चक्क म्हणतो की दोष माझ्यात किंवा योनाथानात असेल तर उरीम दे, लोकांत असेल तर थुम्मीम दे.

माझ्यासारख्या माणसाला इथे एक गोष्ट लगेच खटकते. दोनच पर्याय असतील तर प्रत्येक वेळी काहीतरी एक यायलाच हवं ना? नाणं उडवलं की छापा नाहीतर काटा. पण इथे तिसरी शक्यताही आहे, काहीच न येणं. हो नाही, नाही पण नाही. याचा अर्थ ते नाण्यासारखं यंत्र नव्हतं. ज्याला विचारायचं तो उत्तर द्यायला मोकळा होता आणि न द्यायलाही मोकळा होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. हमखास उत्तर देणारा देव हवा असेल तर ती मूर्तिपूजेचीच एक तऱ्हा झाली.

आता लॉग.

शौलाला पहिल्यांदा उत्तर मिळालं नाही ते २८ व्या अध्यायात नव्हे, १४ व्या अध्यायात. त्याच्याही थोडं आधी, १८-१९ या वचनांत एक छोटासा प्रसंग आहे, वाचताना तो सहज निसटतो. शौल याजकाला विचारायला जवळ बोलावतो. याजक विचारत असतानाच पलिष्ट्यांच्या छावणीतला गोंधळ वाढत जातो. शौलाला दिसतं की आपली सरशी होते आहे, आणि तो याजकाला हात आवरायला सांगतो. बस, निघायचं. उत्तर यायच्या आत त्यानेच कनेक्शन तोडलं. त्याच दिवशी संध्याकाळी तो पुन्हा विचारतो, तेही याजकाने आठवण करून दिल्यावर, आणि तेव्हा उत्तर येत नाही. शौल काय करतो? दोष कुणाचा ते शोधायला चिठ्ठ्या टाकायला लावतो. चिठ्ठी निघते योनाथानाची, त्या दिवशीचा विजय ज्याच्यामुळे सुरू झाला त्याचीच. दिवसभर अन्न न खाण्याची शपथ शौलाने घातली होती, आणि ती न ऐकलेल्या योनाथानाने काठीच्या टोकाने थोडा मध चाखला होता. लोक मध्ये पडले म्हणून मुलगा वाचला.

'देव गप्प आहे, म्हणजे कुणाचं तरी पाप शोधून काढा' ही पद्धत या पुस्तकात कोण वापरतो, ते बघितलंत? शौल वापरतो. आणि ती वापरून तो स्वतःच्या निर्दोष मुलाला मारायला निघतो.

दुसरी नोंद १५ व्या अध्यायातली. अमालेक्यांच्या बाबतीत शौलाला स्पष्ट आज्ञा मिळाली होती. त्याने अगाग राजाला जिवंत ठेवलं, चांगली गुरं-मेंढरं राखून ठेवली, आणि विचारल्यावर यज्ञासाठी ठेवली असं सांगितलं. (या अध्यायातल्या आज्ञेचं स्वरूप आपल्याला आज फार कठीण जातं, मलाही जातं. त्यावर वेगळं लिहावं लागेल, आज तो विषय नाही.) त्या दिवशी शमुवेलाने त्याला सांगितलं की राज्य तुझ्यापासून काढून घेतलं आहे. हे उत्तरच होतं. अंतिम, स्पष्ट, समोरासमोर दिलेलं. त्यानंतर शौल अनेक वर्षं सिंहासनावर राहिला, पण त्या उत्तराचं काय करायचं हे त्याने एकदाही विचारलं नाही. राज्य दुसऱ्याला जाणार हे कळल्यावर तो दुसरा कोण ते शोधून त्याच्यामागे भाला घेऊन लागला, एवढंच.

म्हणून २८ व्या अध्यायात शमुवेल समोर आल्यावर काय बोलतो ते नीट वाचा. उद्याच्या मृत्यूची बातमी सोडली तर त्यात नवं काही नाही. सगळं १५ व्या अध्यायातलंच, जवळजवळ त्याच शब्दांत. शौल रात्र जागून, वेश पालटून, उपाशीपोटी एवढ्या लांब गेला आणि त्याला मिळालं ते जुनंच उत्तर.

आणि तिसरी नोंद, जिच्यासाठी मी २२ वा अध्याय वाचायला सांगितला.

दावीद पळत असताना नोब येथे अहीमलेख याजकाकडे गेला होता. याजकाने त्याला भाकरी दिली, गल्याथाची तलवार दिली. दवेग अदोम्याने ते पाहिलं आणि शौलाला जाऊन सांगितलं. शौल अहीमलेखाला बोलावून आरोप वाचतो. भाकरी दिलीस, तलवार दिलीस, आणि तिसरा आरोप, त्याच्यासाठी देवाला विचारलंस. हा आरोप आहे! देवाला विचारणं हा राजद्रोह. अहीमलेख शांतपणे सांगतो की दावीदासाठी विचारायची ही काही माझी पहिली वेळ नव्हे, तो तर तुझाच जावई. शौलाचे स्वतःचे शिपाई याजकांवर हात टाकायला नकार देतात. तेव्हा दवेग पुढे होतो. त्या दिवशी तागाचं एफोद धारण करणारे ८५ याजक मारले गेले. मग नोब गाव. पुरुष, बायका, मुलं, तान्ही बाळं, गुरं, गाढवं, मेंढरं.

१४ व्या अध्यायात शौलासाठी विचारणारा अहीया याजक आणि २२ व्या अध्यायातला अहीमलेख, दोघांनाही अहीटूबाचा पुत्र म्हटलेलं आहे. म्हणजे ज्या घराण्याने शौलासाठी देवाला विचारलं तेच घराणं त्याने कापून काढलं. एकटा अब्याथार निसटला, आणि २३:६ सांगते की तो येताना हातात एफोद घेऊन दावीदाकडे आला.

हे सगळं मागे ठेवून आता २८:६ पुन्हा वाचा. शौलाला उरीमच्या द्वारे उत्तर मिळालं नाही. कसं मिळणार होतं? गिलबोवावर त्याने कोणत्या एफोदासमोर उभं राहून विचारलं हे लेखक सांगत नाही, पण अब्याथाराने नेलेलं एफोद कुठे होतं ते आपल्याला माहीत आहे. शौल ज्याचा जीव घ्यायला धावत होता त्याच्या छावणीत.

आणि एक बारीक गोष्ट, जी माझ्या कधीच लक्षात आली नव्हती. सहाव्या वचनात लेखक तीन मार्ग मोजतो, स्वप्नं, उरीम, संदेष्टे. पंधराव्या वचनात शौल शमुवेलाकडे तक्रार करतो तेव्हा दोनच मोजतो, संदेष्टे आणि स्वप्नं. उरीमचं नाव घेत नाही. यहुदी गुरूंनी ही फट फार पूर्वीच पाहिली होती. बाबिली तालमूदच्या बराखोत या भागात याचं कारण दिलं आहे की नोब या याजकांच्या नगराचा संहार त्यानेच केला होता, म्हणून तो शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. त्या गुरूंनी याकडे दयेनेच पाहिलं आहे. त्यांच्या मते ती शौलाची लाज होती, आणि लाज वाटली म्हणून त्याला क्षमा झाली. मला एवढं खात्रीने म्हणवत नाही. पण राजाच्या जिभेवर तो एक शब्द अडकला, हे वाचून मला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच कणव वाटली.

आता थोडं हिब्रूविषयी. मला हिब्रू शिकून फार दिवस झालेले नाहीत, पण एवढ्यासाठी तेवढं पुरतं.

मराठीत आपल्याकडे दोन क्रियापदं आहेत, मागणे आणि विचारणे. देवाला नोकरी मागतो, आणि कोणती नोकरी घेऊ ते विचारतो. हिब्रूत दोन्हींसाठी एकच क्रियापद चालतं, 'शाअल'. शौल हे नावही त्याच धातूचं, 'शाऊल', मागून घेतलेला. लोकांनी राजा मागितला आणि मिळाला तो हा, नावानेच मागितलेला. ८:१८ मध्ये शमुवेलाने तेव्हाच बजावलं होतं की या राजापायी तुम्ही एक दिवस आक्रोश कराल आणि त्या दिवशी परमेश्वर उत्तर देणार नाही. २८:६ मध्ये हिब्रू वाचताना 'मागितलेल्याने मागितलं' असा नाद येतो, आणि उत्तर नाही.

पण इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात एक अडचण येते. १० व्या अध्यायाच्या १३-१४ या वचनांत म्हटलं आहे की शौलाने भूतविद्येचा सल्ला घेतला, परमेश्वराचा घेतला नाही. मग विचारलं की नाही विचारलं? एका पुस्तकात हो, दुसऱ्यात नाही. लोक याला विसंगती म्हणून दाखवतात. मला वाटतं क्रियापदं बघावीत. शमुवेलाच्या पुस्तकात 'शाअल' आहे. इतिहासात परमेश्वराच्या बाबतीत 'दाराश' आहे, त्यात शोधणं, माग काढणं, मागे लागणं आलं. शौलाने प्रश्न टाकला हे खरं. पण शोधायला तो गेला एन-दोरला.

नकाशा बघा एकदा. गिलबोवा दक्षिणेला, समोर मोरे टेकडीच्या दक्षिण उतारावर शूनेम, तिथे पलिष्टी. एन-दोर त्या टेकडीच्या पलीकडे, उत्तरेला. म्हणजे शौल दोन माणसं घेऊन रात्रीच्या अंधारात शत्रूच्या छावणीला वळसा घालून पलीकडे गेला. इस्राएलाच्या राजाने लढाईच्या तोंडावर जिवावर उदार होऊन एवढी पायपीट केली, ती ज्या धंद्याला त्याने स्वतः देशात बंदी घातली होती त्या धंद्यातल्या बाईकडे जायला. एवढी तगमग त्याच्यात होती, एवढं धाडस होतं. नोबच्या हत्याकांडातून वाचलेल्या त्या एका याजकाकडे जाऊन त्याचे पाय धरावेत हे मात्र त्याला सुचलं नाही.

दावीदाशी तुलना करायचा मोह इथे होतो, आणि लेखकालाही ती करायचीच आहे. कईलाच्या प्रसंगात (२३ वा अध्याय) दावीद एका दमात दोन प्रश्न विचारतो, गावचे लोक मला त्याच्या हाती देतील का, शौल येईल का. उत्तर एकाच प्रश्नाचं येतं, शौल येईल. दावीद दुसरा प्रश्न पुन्हा विचारतो, मग त्याचं उत्तर येतं. ३० व्या अध्यायात सिकलाग जळालं आहे, बायका-मुलं नेली आहेत, त्याचेच लोक त्याला धोंडमार करायच्या गोष्टी बोलताहेत, आणि तो अब्याथाराला एफोद आणायला सांगतो. पाठलाग करू का? कर. इतकं सरळ. पण दावीदाला फार वर चढवायला नको. २७ व्या अध्यायात तो मनातल्या मनात ठरवून पलिष्ट्यांच्या देशात राहायला जातो, एक वर्ष चार महिने राहतो, आणि त्या सगळ्या काळात त्याने परमेश्वराला विचारल्याची एकही नोंद नाही. एफोद जवळ होतं तरी.

तर मग आमच्या त्या भावाचं आणि बहिणीचं काय?

शौलाचं वचन त्यांना लावायचं असेल तर शौलाचा लॉगही लावावा लागेल. त्यांनी कोणती स्पष्ट आज्ञा मिळालेली असताना ती मोडली? कोणते याजक मारले? नसेल तर हे वचन त्यांचं नाही. ज्यांनी ते दाखवलं त्यांना मी हे सांगितलं आहे, आदरानेच सांगितलं. ते वयाने मोठे आहेत आणि त्यांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. त्यांना काहीतरी कारण हवं होतं. कारण सापडलं की आपल्यालाच बरं वाटतं, समोरच्याला वाटो न वाटो.

आणि खरं म्हणजे त्या जोडप्यासाठी याच पुस्तकात वेगळं पान आहे. पहिलंच. हन्ना.

तिच्याबद्दल लेखक सरळ सांगतो की तिची कूस परमेश्वराने बंद केली होती. कारण देत नाही. पाप सांगत नाही. पनिन्ना तिला वर्षानुवर्षं टोचत राहते, आणि शिलोच्या यात्रेला गेलं की दरवर्षी तेच. ती रडते, जेवत नाही. नवरा एलकाना मायाळू आहे, पण त्याचंही सांत्वन 'मी तुला दहा मुलांपेक्षा चांगला नाही का' या थाटाचं. (बायबलमधल्या नवऱ्यांवर कधीतरी स्वतंत्र लिहावं लागेल.) शेवटी ती मंदिरात ओठ हलवत प्रार्थना करते आणि एली याजक तिच्याकडे बघून ठरवून टाकतो की ही बाई प्यालेली आहे. दुःखाने गप्प झालेल्या बाईत पाप शोधणारा याजक! आणि त्याच एलीच्या घरात त्याचे दोन मुलगे काय करत होते ते दुसऱ्या अध्यायात आहे. एक मात्र एलीचं घ्यायला हवं. तिने समजावून सांगितल्यावर त्याने तिथल्या तिथे आपलं म्हणणं मागे घेतलं आणि तिला आशीर्वाद दिला.

हन्ना मुलाचं नाव ठेवते तेव्हा 'शाअल' हेच क्रियापद वापरते. १:२८ मध्ये मूल परमेश्वराला वाहिलेलं आहे असं ती म्हणते, आणि त्या ठिकाणी हिब्रूत जो शब्द आहे तो अक्षर न् अक्षर 'शाऊल' असाच आहे. राजाचं नाव पुस्तकात पहिल्यांदा ऐकू येतं ते त्याच्या जन्मकथेत नव्हे, या बाईच्या तोंडी. एकच पुस्तक, एकच क्रियापद, आणि दोन माणसं ज्यांना वर्षानुवर्षं किंवा रात्रभर काहीच ऐकू येत नाही. एकाच्या शांततेमागे ८५ कबरी आहेत. दुसरीच्या शांततेमागे लेखकाने काहीही ठेवलेलं नाही. शमुवेलाच्या पुस्तकाला जर 'देव गप्प म्हणजे पाप' हा नियम शिकवायचा असता तर त्याने सुरुवात हन्नेपासून केली नसती.

हन्नेला मूल झालं म्हणून त्यांनाही होईल असं मी त्या दोघांना सांगितलं नाही, इथेही सांगत नाही. तसं वचन मला मिळालेलं नाही. ईयोब २३ मध्ये पुढे जातो, मागे जातो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, देव कुठेच दिसत नाही. त्याच्या मित्रांकडे कारणं भरपूर होती आणि शेवटी परमेश्वराचा राग त्या मित्रांवर भडकला, ईयोबावर नाही. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तिथे शेवटच्या ओळीतही सकाळ होत नाही, आणि तरी ते स्तोत्रसंहितेत आहे, इस्राएलाने ते गायलं आहे. वधस्तंभावर आपल्या प्रभूने २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, आणि त्या ओळीत प्रश्न आहे.

उशिराचीही एक नोंद आहे, ती मला वैयक्तिकरीत्या आवडते. यिर्मया ४२. यरुशलेम पडल्यावर, गदल्याचा खून झाल्यावर उरलेले लोक यिर्मयाकडे येतात, आमच्यासाठी परमेश्वराला विचार म्हणतात, बरं-वाईट काहीही असो आम्ही ऐकू अशी शपथ घेतात. उत्तर येतं दहा दिवसांनी. यिर्मयासारख्या संदेष्ट्याला, ज्याने आयुष्यभर परमेश्वराचं वचन सांगितलं, त्याला दहा दिवस काहीच सांगता येत नव्हतं, आणि घाबरलेले लोक रोज त्याच्या तोंडाकडे बघत असणार. त्या दहा दिवसांत त्याने स्वतःच्या अनुभवावरून एखादं बरंसं उत्तर जुळवून दिलं नाही. किती सोपं होतं ते! उत्तर आलं तेव्हा लोकांनी ते फेटाळलं. आधीच्याच अध्यायात दिसतं की मिसरात जायचं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. पण ते लोकांचं झालं. मी त्या दहा दिवसांतल्या यिर्मयाकडे बघतो आहे. मी स्वतः गेले अकरा महिने एक गोष्ट विचारतो आहे. ती इथे लिहीत नाही. उत्तर आलेलं नाही. मधल्या काळात जे आधीच सांगितलेलं आहे, आईवडिलांचं बघणं, कामात खरेपणा, आठवड्याची घरसभा, तेवढं चालू ठेवलं आहे. त्यासाठी नव्या उत्तराची गरज नव्हती.

आजच्या वाचनातली शेवटची काही वचनं राहिली. शमुवेलाचे शब्द ऐकून शौल उभाच्या उभा जमिनीवर कोसळतो. रात्रंदिवस काही खाल्लेलं नाही. ती एन-दोरची बाई जवळ येते, त्याची अवस्था बघते. ती काय धंदा करते हे शास्त्र लपवत नाही आणि त्याचं समर्थनही करत नाही. याच राजाच्या हुकमामुळे तिच्या डोक्यावर मरणाची तलवार आहे, आणि थोड्या वेळापूर्वी शमुवेलाला पाहून ती किंचाळली होती, तेव्हाच हा शौल आहे हे तिला कळलं होतं. ती त्याला म्हणते की मी तुझं ऐकलं, आता तू माझं ऐक, घासभर खा, वाटेला लागायला अंगात त्राण हवं. तो नको म्हणतो. ती आणि चाकर आग्रह करतात. मग तो उठून बाजेवर बसतो. तिच्या घरी पोसलेलं वासरू असतं, ते ती कापते, पीठ घेते, मळते, बेखमीर भाकरी भाजते. लेखकाने हा स्वयंपाक एक एक पायरी करून लिहिला आहे, घाई केलेली नाही. ती ताट राजापुढे ठेवते. ते जेवतात, आणि त्याच रात्री उठून निघून जातात.

उद्याचे वाचन : १ शमुवेल २९. दावीद पलिष्ट्यांच्या सैन्यात, सर्वांत मागच्या रांगेत उभा आहे.